विषय हार्ड आहे

बारावीच्या परीक्षेत पहिला घाव इंग्रजीचा. २०२५ साली तो ११ फेब्रुवारीला बसला. हे दिवस आमच्या सातारा-सांगलीकडे एरवीच फार धामधुमीचे. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या, तासगावकडे द्राक्षांची तोड लागलेली, हळद काढून शिजवायची घाई, शिवाय कुठल्या ना कुठल्या गावची यात्रा. एवढ्या गलबल्यात ज्या घरातून टीव्हीचा आवाज येत नाही आणि पाहुण्याने नुसती चप्पल वाजवली तरी आतून कोणीतरी ‘श्शू’ करतं, त्या घरात बारावीचं पोर आहे असं खुशाल समजावं. खिडकीशी कान लावला तर जप ऐकू येतो: सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन, अ‍ॅलिटरेशन, ओनोमॅटोपिया. चाल रामरक्षेची, शब्द ग्रीक-लॅटिनचे.

माझी बहीण सांगलीला विश्रामबागेत राहते. तिची मुलगी बारावीला, आणि ‘मामाचं इंग्रजी बरं आहे’ अशी अफवा त्या घरात कोणीतरी पसरवलेली. त्यामुळे उजळणीचं काम साताऱ्याहून मला बोलावून माझ्या गळ्यात घालण्यात आलं. ‘बरं आहे’ हे खास सातारी माप आहे. त्याबद्दल पुढे येतंच.

मी म्हटलं, चल, कविता काढ.

“कविता कशाला?” भाची म्हणाली. “फिगर्स ऑफ स्पीच करायच्यात ना?”

“त्या कवितेतच असतात ना?”

“मामा, कविता वाचली की गोंधळ होतो. सरांनी खुणा दिल्यात.”

खुणा अशा. ओळीत ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसलं की सिमिली. सुरुवातीला ‘ओ’ आला की अपोस्ट्रॉफी. निर्जीव वस्तूचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर पर्सॉनिफिकेशन. एकच अक्षर लागोपाठ आलं की अ‍ॅलिटरेशन. “आणि काहीच नाही सापडलं तर इन्व्हर्जन ठोकायचं. कवितेत शब्द कुठंतरी मागंपुढं असतातच.” हे शेवटचं मला फार आवडलं. काव्यसमीक्षेत इतकं निर्विवाद विधान माझ्या वाचनात दुसरं नाही.

प्रश्न दोन गुणांचा. एक गुण अलंकाराच्या नावाला, एक स्पष्टीकरणाला. स्पष्टीकरणही ठरलेलं: ‘इथे दोन भिन्न वस्तूंची थेट तुलना केली आहे.’ कुठल्या वस्तू, ते रिकाम्या जागेत भरायचं. हा सगळा प्रकार पोलिसी पंचनाम्यासारखा आहे. मयताची ओळख पटली, अंगावरची खूण नोंदवली, खाली सही. माणूस जिवंत असताना कसा होता, हे विचारायचं कारण नाही. भाचीच्या वर्गातल्या एका मुलाने ‘आय लाइक भडंग’ या वाक्यात सिमिली शोधून काढली. सरांनी ती चूक धरली, तर तो म्हणाला, “सर, ‘लाइक’ आहे की.” सांगलीच्या भडंगाशी तुलना करण्याजोगी दुसरी वस्तू जगात नसल्यामुळे स्पष्टीकरणाचा एक गुण मात्र त्याला सोडावा लागला.

गंमत अशी की हीच मुलं वही मिटून रस्त्यावर आली की त्यांच्या तोंडून अलंकाराशिवाय वाक्य निघत नाही. फक्त तिथे त्यांना कोणी नाव विचारत नाही.

आधी साताऱ्याचं सांगतो. साताऱ्यात स्तुती करायची ती नकारातून. जावई पहिल्यांदा घरी आलेला असतो, सासूने दिवसभर राबून मटण केलेलं असतं. जावयाने पुन्हा वाटी पुढे केली की सासरे विचारतात, “काय, जमलंय का?” जावई रस्सा भुरकत म्हणतो, “वाईट न्हाय.” घरात आनंदीआनंद. तो चुकून “छान झालंय” म्हणाला असता, तर सासूला रात्रभर झोप नसती. मीठ कमी पडलं की काय, की पोरगं घरी जाऊन नावं ठेवणार? मुलगी स्पर्धा परीक्षा पास होऊन मोठी अधिकारी झाली, तरी बाप पारावर सांगणार, “लागली बाई कुठंतरी.” शेजाऱ्याने दोन मजली बंगला बांधला तर वास्तुशांतीला अभिप्राय येतो, “ऱ्हायापुरतं झालं.” इंग्रज या प्रकाराला लिटोटीज म्हणतात आणि त्यावर परिच्छेदच्या परिच्छेद लिहितात. साताऱ्यात तो जन्मदाखल्याबरोबर मिळतो.

सांगलीचं बरोबर उलटं. मित्राने जुनीच मोटारसायकल धुऊन आणली तरी, “नाद खुळा!” क्रिकेटमध्ये एक चौकार गेला की, “विषय हार्ड!” आणि कोणी नवा शर्ट घालून कट्ट्यावर आला तर, “जाळ अन् धूर संगटच!” खरं तर हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. भावांच्या वाटणीत जशी भांडी विभागली जातात तशी लिटोटीज साताऱ्याच्या वाट्याला राहिली आणि हायपरबोली सांगलीकडे गेली, असं माझं मत आहे. कऱ्हाड मध्ये पडत असल्यामुळे तिथे दोन्ही नाणी चालतात.

‘हायपरबोली’चं स्पेलिंग पाहून भाची ते ‘हायपरबोल’ असं वाचत होती. तिला म्हटलं, लाज वाटून घेऊ नकोस, ही ग्रीक नावं खुद्द इंग्रजांनाही जड गेली होती. १५८९ साली जॉर्ज पुटनम नावाच्या गृहस्थाने काव्यशास्त्रावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याने या सगळ्या अलंकारांना घरगुती टोपणनावं ठेवली. हायपरबोली म्हणजे मोठ्या आवाजात खोटं बोलणारा. आयरनी म्हणजे कोरडी थट्टा. भाचीचे डोळे चमकले. “म्हणजे हायपरबोली म्हणजे थापाड्या?” नेमका. आमच्या आळीत अशा हायपरबोली तीन-चार आहेत आणि त्यातल्या एका हायपरबोलीने गेल्या खेपेला नगरपालिकेचा फॉर्मही भरला होता.

‘जाळ अन् धूर संगटच’ मात्र मला स्वस्थ बसू देईना. नुसती अतिशयोक्ती म्हणून हे सोडून द्यायला मन धजेना. वाईला माझ्या ओळखीचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत. वाई म्हणजे प्राज्ञपाठशाळेचं आणि मराठी विश्वकोशाचं गाव. तिथे शंका विचारली की उत्तर व्याख्येसकट येतं. फोन लावला, स्पीकरवर ठेवला. भाचीने विचारलं, “गुरुजी, ‘जाळ अन् धूर संगटच’ यात कुठला अलंकार?”

पलीकडे क्षणभरही शांतता नाही. “अक्रमातिशयोक्ती.”

भाचीने पेन्सिल खाली ठेवली.

गुरुजींनी मग सावकाश सांगितलं. जगाचा क्रम असा की कारण आधी, कार्य मागून. आधी जाळ, मग धूर. (“ओलं सरपण असेल तर उलटं होतं, पण ते सध्या सोड.”) दोन्ही एकाच क्षणी घडले असं सांगितलं की क्रम मोडला, म्हणून अक्रमातिशयोक्ती. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी ‘कुवलयानंदा’त याचं लक्षण दिलंय. आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कारण प्रत्यक्ष घडलेलं नाही, त्याचा नुसता विषय निघाला आणि कार्य होऊन बसलं, तर ती चपलातिशयोक्ती. आणि कार्य आधी झालं, कारण मागून आलं, तर अत्यंतातिशयोक्ती.

मला एकदम आमचा नाका दिसला. नाक्यावरचे फ्लेक्स दिसले. तिकीट कोणाला मिळणार याची नुसती कुजबूज सुरू झाली आणि एका अण्णांच्या दारात फटाक्यांची माळ लागली, ती चपलातिशयोक्ती. मतमोजणी चालू आणि गुलालही चालू, ती अक्रमातिशयोक्ती. आणि निकालाच्या आदल्या रात्रीच ‘प्रचंड मताधिक्याने विजयी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ हा फलक क्रेनने चढवला जातो, ती शंभर टक्के अत्यंतातिशयोक्ती. ‘भावी आमदार’ तर तिचा कायमस्वरूपी नमुना. काही माणसं गेली पंधरा वर्षं भावी आहेत. इंग्रजीत यासाठी प्रोलेप्सिस असा एक शब्द आहे, पण त्यात गुलालाची छटा नाही. अप्पय्य दीक्षितांनी आमच्याकडची एकही निवडणूक पाहिली नव्हती आणि तरी त्यांनी तिन्ही टप्पे वेगवेगळे करून ठेवले, याला प्रतिभा म्हणतात.

भाची व्यवहारी. “गुरुजी, पेपरात ‘अक्रमातिशयोक्ती’ लिहिलं तर चालेल?”

“पेपर तपासणारा कुठला आहे?”

“माहीत नाही.”

“मग हायपरबोली लिही.”

इंग्रजीच्या व्याकरणाशी या भागाचा संबंध तसा जुना. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात घातलं गेलं. त्या इंग्रजीने पुढे कोलंबिया विद्यापीठ गाठलं आणि देशाची घटनाही. १९१९ साली तर एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या: सांगलीला गव्हर्नरसाहेबांच्या नावाचं विलिंग्डन कॉलेज निघालं आणि कऱ्हाडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. एकाने इंग्रजी वरून खाली आणली, दुसऱ्याने पोरं खालून वर नेली. गाठ मध्येच कुठेतरी पडली.

त्या काळच्या विद्यार्थ्यांना खुणा देत नसत, पदपरिस्फोट करायला लावत. शब्द कानावर पडला तरी सुरुंग उडाल्यासारखं वाटतं. वाक्यातला प्रत्येक शब्द सुटा करून त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती, कोणाशी काय नातं, हे सगळं सांगायचं. तर्खडकरांची पाठमाला आणि रेन-मार्टिनचं इंग्रजी व्याकरण यांच्या जोरावर शिकलेली ती माणसं अजून भेटतात. आमच्याकडे ‘रेन मार्टिन’ हा एकच इसम समजला जातो. रेन त्याचं नाव, मार्टिन आडनाव. त्यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता, आणि पुढे १९२४ साली त्याने ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहिली. घर सोडून पळालेले भाऊ, फ्रेंच फलटण, सहाराचं वाळवंट. पोरांना क्रियापदं चालवायला लावणारा माणूस मनातून वाळवंटात पळून जात होता, हे कळल्यापासून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटते.

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे माझी भाची बारा वर्षं इंग्रजी शिकली. तरीही खुणांशिवाय तिला कविता समजते का, हे मला पाहायचं होतं. पुस्तकात रॉबर्ट साउदीची ‘द इंचकेप रॉक’ आहे. मी गाईड उशीखाली दडवलं आणि तिला गोष्ट म्हणून वाच म्हटलं. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली दडलेला एक खडक. जहाजं आपटू नयेत म्हणून एका मठाधिपतीने तिथे घंटा बांधलेली. राल्फ नावाचा चाचा केवळ त्याचं नाव खराब व्हावं म्हणून घंटा तोडून टाकतो. पुढे लुटीचा माल भरून परत येताना दाट धुकं पडतं आणि त्याचंच जहाज त्याच खडकावर येतं.

भाची वाचून थांबली. मग म्हणाली, “म्हणजे आयर्विन पुलावरचे पाणीपातळीचे आकडे एखाद्यानं मुद्दाम खरवडावेत आणि पूर आल्यावर त्याचंच घर पाण्यात जावं.”

मला टाळी द्यावीशी वाटली. १९२९ सालचा हा आयर्विन पूल सांगलीच्या माणसाला इंचकेपच्या घंटेपेक्षा कमी नाही. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. जुलै-ऑगस्टात सांगलीकर भेटला तर ‘कसा आहेस’ विचारत नाही, ‘किती?’ एवढंच विचारतो. कर्ता, कर्म, नदी, पूल सगळं अध्याहृत. २००५ आणि २०१९ या सालांचा नुसता उच्चार केला की गल्लीतला प्रत्येकजण भिंतीवर हात ठेवून पाणी कुठपर्यंत होतं ते दाखवतो. ही कविता या पोरांना शिकवायची असेल तर पावसाळ्यात पुलावर नेऊन शिकवावी. “मग यातली आयरनी लिहिता येईल ना?” मी विचारलं. तिने एका दमात लिहिली. कॅपिटल अक्षर, ‘लाइक’, ‘ओ’, कशाचीच गरज पडली नाही.

ड्रॅमॅटिक आयरनी तर मला शिकवावीही लागली नाही. स्वयंपाकघरातून बहीणच ओरडली, “अगं, फाल्गुनरावाचं ते!” विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ जिथे उभं केलं ते हे गाव, आणि ‘संशयकल्लोळ’ लिहिणारे देवल शेजारच्या हरिपूरचे. सगळ्या थिएटरला ठाऊक आहे की बायको निर्दोष आहे, एकट्या नवऱ्याला तेवढं ठाऊक नाही. ही व्याख्या सांगलीच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पाठ करत आलेल्या आहेत आणि घरोघर तिचे प्रयोगही चालू असतात.

खरी अडचण व्याकरणात आली. ‘रिमूव्ह टू’ हा बोर्डाचा लाडका प्रश्न. ‘टू’ काढायचा, ‘सो’ घालायचा, पुढे ‘दॅट’ आणि ‘कॅनॉट’. चहा इतका गोड आहे की पिता येत नाही. आता साखर कारखान्यांच्या मुलखातल्या पोराला हे वाक्य पटावं कसं? चहा लई गोड आहे, म्हणून तर प्यायचा. आमच्या ‘लई’च्या पुढे ‘कॅनॉट’ येत नाही, दुसरा कप येतो. शिवाय वाक्यातून ‘लई’ काढलं तर सातारा जिल्ह्यात बोलायला शिल्लक काय राहील, याचाही विचार बोर्डाने केलेला दिसत नाही.

‘नो सूनर... दॅन’चं उदाहरण पुस्तकात बस स्टँडचं होतं: बस आली न आली तोच प्रवासी धावले. हे लिहिणाऱ्याने आमचा स्टँड पाहिलेला नाही. आमच्याकडे बस फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल आत गेलेला असतो. कधी टोपी, कधी पिशवी. एकदा तर मी एका बापाला तान्हं पोर आत सरकवताना पाहिलंय. जागा आधी धरली, बस मागून आली. “अत्यंतातिशयोक्ती,” भाची म्हणाली. वाईच्या फोनचे पैसे वसूल झाले.

पॅसिव्ह व्हॉइस तिला आधीपासूनच उत्तम येत होता. नोटीस बोर्ड वाचत मोठी झालेली मुलगी ती. ‘कळविण्यात येते की’, ‘खड्डे बुजविण्यात येतील’, ‘गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे’. कर्ता कुठे गेला हे कोणी विचारत नाही, आणि नियमातही तेच आहे: कर्ता महत्त्वाचा नसेल तर ‘बाय’ गाळावा.

राहता राहिला डायरेक्ट-इनडायरेक्ट. हा प्रश्न आमच्याकडच्या माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. आमच्या मुलखात बातमी सांगत नाहीत, करून दाखवतात. ‘तो म्हणाला की त्याला वेळ नाही’ असं बोलणारा माणूस एकतर पुण्याचा किंवा वकील. आमची माणसं दोन्ही पात्रं स्वतः होतात, आवाज बदलतात, पदर खोचतात. भाचीची आत्या तासगावकडून आलेली होती. बाहेर नळावर कोणाशी तरी खटका उडवून ती आत आली आणि तिने जागच्या जागी पूर्ण प्रयोग लावला.

“मी म्हटलं, ‘अगं ए, डोळं फुटलं का तुजं?’ ती म्हनली, ‘तुजंच फुटलं असतील!’ मी म्हटलं, ‘तुज्या म्हायेरात पानी बघाय मिळत न्हवतं, म्हून हितं सांडत बसतीस व्हय गं?’ ती म्हनली, ‘माज्या म्हायेराचं नाव काढायचं काम न्हाय!’ मी म्हटलं, ‘काढीन! काय करतीस?’ अगं बया!”

सरावाला याहून चांगला उतारा कुठल्या गाईडात मिळायचा? मी भाचीला म्हटलं, लिही इनडायरेक्ट. तिने नियम समोर ठेवून इमानेइतबारे रूपांतर केलं आणि आत्याच्या आग्रहाखातर मराठीत वाचून दाखवलं:

“आत्याने शेजारणीकडे तिच्या दृष्टीच्या सद्यःस्थितीविषयी विचारणा केली. शेजारणीने तशीच शक्यता आत्याच्या बाबतीत वर्तवली. त्यावर आत्याने शेजारणीच्या माहेरच्या पाणीपुरवठ्याबद्दल शंका व्यक्त करून, सध्याच्या अपव्ययाचे ते कारण आहे काय, असे विचारले. शेजारणीने तिच्या माहेराचा उल्लेख टाळण्याची सूचना केली. आत्याने तो उल्लेख यापुढेही चालू ठेवण्याचा निर्धार जाहीर करून, त्यावर कोणती कार्यवाही होईल, अशी पृच्छा केली.”

आत्या हनुवटीवर बोट ठेवून ऐकत होती. “एवढी भांडून आले मी,” ती म्हणाली, “आन् तू त्याचा अर्ज केलास व्हय गं?”

वहीत शेवटी एक जागा मोकळी होती. ‘अगं बया!’ हे उद्गारवाची, तेव्हा नियमाप्रमाणे ‘एक्सक्लेम्ड विथ’ आणि पुढे भावनेचं नाव लिहायचं. आनंद, दुःख की आश्चर्य, पुस्तकात तीनच पर्याय दिलेले. भाचीने आत्यालाच विचारलं, यातलं कुठलं लिहू?

“तिन्ही लिही,” आत्या म्हणाली. “आन् राग ऱ्हायला की.”